मारहाणीच्या नोंदी रुग्णालयाकडून मागताना अर्ज कुठे अडतो

बांधाच्या भांडणात डोके फुटलेला माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढेलच असे नाही; टाके घालायला मात्र त्याला सरकारी दवाखाना गाठावाच लागतो. त्यामुळे मारहाण कोणत्या वारी, किती वाजता आणि कशाने होते, हे अपघात विभागाच्या नोंदींतून अधिक नीट कळते. ब्रिटनमधील कार्डिफ येथे जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे प्रा. जोनाथन शेफर्ड यांनी ही माहिती, रुग्णाची ओळख वगळून, पोलीस व स्थानिक प्रशासनाला देण्याची पद्धत रुजवली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत, तेथे हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण 42 टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

आपल्या गावच्या तंटामुक्त समितीला अशा नोंदी हव्या असतील, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करता येतो. असे अर्ज लिहून देताना ते त्याच त्या कारणांनी परत येताना मी पाहिले आहेत.

कलम 3 प्रमाणे माहितीचा हक्क नागरिकाला आहे. समितीच्या लेटरहेडवर, अध्यक्षांचा शिक्का मारून केलेला अर्ज या एका मुद्द्यावर फेटाळला जाऊ शकतो, म्हणून तो एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावाने करावा. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (दारिद्र्यरेषेखालील असल्यास शुल्क नाही, पण दाखला जोडावा), एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, एवढे सांभाळावे. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन कलम 6(2) प्रमाणे नाही. खिडकीवर विचारले तरी नाही.

ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, तर प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे कलम 6(3) प्रमाणे त्यांचेच काम आहे. तो अर्जदाराच्या हातात परत देणे हा निव्वळ त्रास आहे.

सर्वांत जास्त अर्ज बुडतात ते ‘मारहाणीची आकडेवारी द्यावी’ या एका वाक्यामुळे. तयार तक्ता कार्यालयात नसतो, आणि नसलेली माहिती संकलित करून देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून जे प्रत्यक्ष कपाटात आहे तेच मागावे: अमुक महिन्यांच्या एमएलसी रजिस्टरमधील (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमांची नोंदवही) तारीख, वेळ, जखमेचे कारण व हत्यार या रकान्यांच्या प्रती, आणि बाकीचा भाग कलम 10 प्रमाणे झाकून. हे कलम अर्जात लिहिले नाही, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून सरसकट नकार येतो.

झाकण्याबाबत आपणही दक्ष राहिले पाहिजे. एका अर्जदाराला मिळालेल्या झेरॉक्सवर नाव काळ्या शाईने पुसलेले होते, पण शेजारी वय 71, वाडीचे नाव आणि ‘कोयत्याची मूठ’ तसेच राहिले होते. बारा घरांच्या वाडीत ती व्यक्ती कोण, हे शेंबडे पोरही सांगेल. वय, पत्ता आणि लैंगिक अत्याचाराच्या सर्व नोंदी वगळाव्यात, असे आपणहून लिहावे. अशा पीडितांची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे.

मुदतीचा घोळ तर नेहमीचा. तीस दिवस अर्ज कार्यालयात पोचल्यापासून मोजतात, पोस्टात टाकल्यापासून नव्हे. म्हणून पोचपावती जपावी. आणि उत्तर आले नाही म्हणून कृपया वाट पाहत बसू नका. मुदत उलटली की तो कायद्याने नकारच ठरतो, आणि पुढच्या तीस दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील करायचे असते. गप्प बसलेल्या कार्यालयापुढे आपणही गप्प बसल्याने अनेकांचे अपील हुकले आहे.

एवढे करूनही घटना घडली ते ठिकाण बहुधा मिळत नाही, कारण रजिस्टरमध्ये रुग्णाचा पत्ता असतो, मारहाणीची जागा असेलच असे नाही. कार्डिफमध्ये हा प्रश्न नोंदणीच्या खिडकीवरच विचारला जाई. त्यासाठी माहितीचा अर्ज उपयोगाचा नाही. वैद्यकीय अधीक्षकांकडे साधे विनंतीपत्र देऊन, केसपेपर काढताना ‘घटना कुठे घडली’ हा एक प्रश्न विचारून नोंदवावा, असा विषय रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत घ्यायला सांगावे, आणि त्या पत्राचीही पोच घ्यावी.