ब्रेक मागचा, मिणमिण पुढची

माहीमला इमारतीखाली उघड्यावर उभी असणारी आमची जुनी गाडी गेल्या पावसाळ्यात भलतेच चाळे करू लागली. रात्री लाइट लावून ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा उजळायच्या ऐवजी मंद व्हायचा, आणि पुढचा डावा इंडिकेटर उगाचच मिणमिणायचा. ब्रेक सोडला की सगळं शहाण्यासारखं. गॅरेजवाला म्हणाला, "पूर्ण वायरिंग बदलावं लागेल." मी म्हटलं, थांब जरा. घरी येऊन मॅन्युअलमधला वायरिंग डायग्राम उघडला.

पहिल्या नजरेला तो सांडलेल्या शेवयांसारखा दिसतो. त्यातली अंतरं मुळीच खरी मानायची नाहीत. कागदावर शेजारी बसलेले दोन बल्ब गाडीच्या दोन टोकांना असू शकतात. पाहायची ती फक्त करंटची वाट. बहुतेक डायग्रामांत बॅटरीचा प्लस वर, अर्थ (म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परतायची वाट) खाली, मध्ये फ्यूज, स्विच, बल्ब. रेघा छेदतात तिथे ठिपका असला तर जोड, नसला तर नुसत्या ओलांडून गेल्या. रेघेवरची अक्षरं म्हणजे वायरचा रंग: 'जी/वाय' म्हणजे हिरव्यावर पिवळा पट्टा. जपानी पद्धतीत निळ्याला 'एल' म्हणतात, कारण 'बी' काळ्याने आधीच पटकावलाय. जर्मन धाटणीत आकडे असतात: 30 म्हणजे थेट बॅटरी, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा करंट, 31 म्हणजे अर्थ.

मी बिघडलेल्या दिव्यापासून खाली बोट फिरवलं. 5 वॅटची पार्किंगची तार (बल्बच्या आत तापून उजळणारी), 21 वॅटची ब्रेकची आणि 21 वॅटची इंडिकेटरची, तिघींची मिळून एकच काळी वायर, डिकीतल्या एका बोल्टवर. कोडं तिथेच सुटलं. अर्थ तुटला की करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो बंद असलेल्या इंडिकेटरच्या तारेत उलट्या बाजूने शिरतो, त्याच्या वायरीने पुढे जातो आणि पुढच्या इंडिकेटरचा धड अर्थ गाठतो. वाटेत तीन तारा एकापाठोपाठ (ब्रेकची, मग मागच्या आणि पुढच्या इंडिकेटरची), 12 व्होल्टची वाटणी होते, म्हणून सगळेच मिणमिणे. नुसते पार्किंग लाइट असले की 5 वॅटला असल्या चोरवाटा पुरतात, म्हणून तेव्हा काही कळत नाही.

मल्टिमीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसला, लाल होल्डरच्या अर्थला लावली (त्यासाठी लांब वायर जोडावी लागली) आणि बायकोला ब्रेक दाबायला सांगितलं. आकडा आला आठ व्होल्टच्या आसपास. अर्थ नीट असता तर शून्याला चिकटून असता.

आधी बॅटरीचा मायनस काढला. एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टणातल्या वायरींना मात्र मीटर लावायचा नाही. मीटरच्या इवल्याशा करंटनेही बॅग फुटू शकते. डिकीचं अस्तर उचललं तर खाऱ्या हवेने खाल्लेला बोल्ट, त्याखाली लालसर भुकटी. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवी रिंग लावून आवळला, वर ग्रीस. मायनस परत जोडून पुन्हा ब्रेक दाबला. पुढचा इंडिकेटर काळाच राहिला.