पेशी-आसंजक प्रथिनांचे विच्छेदन (नियोजित पेशीमृत्यूतील)

नियोजित पेशीमृत्यूच्या (अपोप्टोसिस) वेळी मरू लागलेली पेशी शेजारच्या पेशींपासून आणि खालच्या आधारद्रव्यापासून (पेशींभोवतीच्या प्रथिनांच्या जाळ्यापासून) सुटी होते. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारी आसंजक प्रथिने या वेळी काही एंझाइमे ठराविक जागी तोडतात. प्रथिनाचा सगळा भुगा होत नाही. बहुधा एखाद-दुसरा बंधच तुटतो आणि उरलेले तुकडे काही काळ शाबूत राहतात. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये या मृत्यूचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन करून त्याला नाव दिले. त्यामागची रासायनिक यंत्रणा मात्र पुढच्या तीन दशकांत उलगडत गेली.

तोडणारी एंझाइमे मुख्यतः दोन गटांतील आहेत. पेशीच्या आत कॅस्पेज गट काम करतो. या एंझाइमांच्या क्रियाशील स्थानी सिस्टीन हे अमिनो अम्ल असते आणि प्रथिनसाखळीत ती ॲस्पार्टिक अम्लानंतरचाच बंध तोडतात. कॅस्पेज-८ किंवा ९ यांनी जागृत केलेले कॅस्पेज-३ व ७ प्रत्यक्ष तोडकाम करतात. पेशीच्या बाहेरच्या बाजूस जस्ताचा अणू धारण करणारी मेटॅलोप्रोटिनेज एंझाइमे असतात. त्यांपैकी काही पेशीपटलातच रोवलेली असतात.

ई-कॅढेरिनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अभिस्तर ऊतकातील (त्वचा व आतड्यासारख्या अवयवांवरील पेशींच्या आच्छादनातील) या प्रथिनाचा बाहेरचा भाग पाच खंडांचा असून कॅल्शियमच्या आधाराने तो शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनाला धरतो. आतली शेपटी बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला आणि त्याच्यामार्फत अल्फा-कॅटेनिन व पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन तंतूंना जोडलेली असते, म्हणजे एका पेशीचा सांगाडा दुसरीच्या सांगाड्याशी बांधला जातो. पेशीमृत्यू सुरू झाला की कॅस्पेज-३ आतली शेपटी तोडते व सुमारे २४ किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) तुकडा सुटतो. बाहेरून मेटॅलोप्रोटिनेज, विशेषतः एडॅम-१०, मोठा बाह्य भाग कापते आणि सुमारे ८० किलोडाल्टनचा तुकडा पेशीबाहेरच्या द्रवात जातो. कॅस्पेज व मेटॅलोप्रोटिनेज यांना रोखणारी द्रव्ये स्वतंत्रपणे वापरल्यामुळेच हे दोन छेद वेगवेगळ्या एंझाइमांचे आहेत, हे ओळखता आले. बीटा-कॅटेनिन स्वतःही कॅस्पेजच्या तडाख्यातून सुटत नाही, आणि त्यामुळे जनुकांना चालना देण्याची त्याची क्षमताही घटते. डेस्मोसोम व घट्ट संधी हे पेशींमधील आणखी दोन प्रकारचे जोड; त्यांतील अनुक्रमे डेस्मोग्लाइन व ऑक्ल्युडिन या प्रथिनांच्या बाबतीतही असेच घडते.

आधारद्रव्याशी असलेल्या पकडीत फोकल अढेजन कायनेज हे प्रथिन महत्त्वाचे असून तेही कॅस्पेज-३ तोडते. पेशीची ही पकड सुटणे हेच मृत्यूचे कारणही ठरू शकते. फ्रिश आणि फ्रान्सिस यांनी १९९४ मध्ये दाखवले की, आधारापासून तोडलेल्या अभिस्तर पेशी आपोआप मरतात. त्यामुळे मृत्यूमुळे पकड सुटली की पकड सुटल्यामुळे मृत्यू आला, हे प्रत्येक ऊतकात वेगळे तपासावे लागते, आणि या विषयातला खरा कस तेथेच आहे.

सातारा जिल्ह्यातील कास पठारासारख्या ठिकाणी पावसाळी डबक्यांत बेडकांची पिले वाढतात. त्यांची शेपटी जिरत जाते, तेव्हा हीच यंत्रणा डोळ्यांदेखत कामाला लागलेली असते. थायरॉइड संप्रेरकाची पातळी वाढली की शेपटीतील स्नायू व त्वचेच्या पेशी मरू लागतात आणि आधारद्रव्य विरघळते. ग्रॉस आणि लापिएर यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिलांच्या शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या अपारदर्शक जेलीवर ठेवले, तेव्हा तुकड्यांभोवतालची जेली विरघळून निवळली. पृष्ठवंशीय प्राण्यांतील कोलॅजेनेज अशा रीतीने प्रथम उजेडात आले. कोलॅजेन हे आधारद्रव्यातील प्रथिन आहे, पेशीपटलावरील आसंजक नव्हे, हा फरक येथे ध्यानात ठेवावा. पुढे झेनोपस बेडकाच्या आतड्यावरील प्रयोगांत स्ट्रोमेलायसिन-३ हे मेटॅलोप्रोटिनेज प्रतिपिंडाने (त्याला चिकटणाऱ्या प्रथिनाने) अडवले असता डिंभाच्या (बेडकाच्या पिलाच्या) अभिस्तर पेशींचा मृत्यूही रोखला गेला. हे एंझाइम पेशीवरील लॅमिनिन-ग्राहीला (आधारद्रव्यातील लॅमिनिन या प्रथिनाला धरणाऱ्या प्रथिनाला) तोडते, असेही आढळले. म्हणजे येथे तोडणे आधी आणि मरणे नंतर, असा क्रम दिसतो.

सातारा-सांगलीच्या दुग्धव्यवसायाशीही हा विषय निगडित आहे. व्यायच्या आधी साधारण दोन महिने गाय आटवतात, तेव्हा कासेतील दूध स्रवणाऱ्या काही पेशी नियोजित मृत्यूने गळतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. उंदरांमध्ये पिलांचे दूध तोडल्यावर स्तनग्रंथीची झीज वेगाने व जवळजवळ पूर्ण होते, आणि तेथे ई-कॅढेरिनचे तुटलेले रूपही आढळले आहे. गाय मात्र त्या वेळी गाभण असल्याने तिच्या कासेतील झीज संथ व मर्यादित राहते. म्हणूनच उंदरांवरील निष्कर्ष दुभत्या जनावरांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

ई-कॅढेरिनचा ८० किलोडाल्टनचा तुकडा रक्तातही सापडतो आणि काही कर्करोगांत त्याचे प्रमाण वाढते. मात्र एडॅम-१० जिवंत पेशींवरही काम करते, त्यामुळे केवळ या तुकड्यावरून पेशीमृत्यूचे निदान करता येत नाही; त्यासाठी कॅस्पेजच्या छेदाने तयार होणारे पेशीतील तुकडे पाहावे लागतात.