स्फुरदाचे दोन ‘ऋण तीन’

पेरणीच्या तोंडावर वर्धा-यवतमाळकडच्या कृषी केंद्रात डीएपीची, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट या खताची, थप्पी दारातच लागते. मागच्या फळीवर उंदरांसाठीची काळपट भुकटी असते, झिंक फॉस्फाइड. फॉस्फाइडचा प्रभार ऋण तीन आणि फॉस्फेटचाही ऋण तीन. बारावीची पोरं नेमकी इथंच घसरतात.

फॉस्फरसच्या, म्हणजेच स्फुरदाच्या, बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात. आणखी तीन घेतले की आठ होतात. फॉस्फाइडमधला ऋण तीन असा खुद्द फॉस्फरसचा, निदान हिशेबापुरता. फॉस्फेटमध्ये तो चार ऑक्सिजनशी इलेक्ट्रॉन वाटून घेतो. कागदावर त्याचे धन पाच, ऑक्सिजनचे मिळून ऋण आठ. उरलेला ऋण तीन अख्ख्या गटाचा. डीएपीत एक हायड्रोजन चिकटलेला असल्यानं तो ऋण दोनवर येतो.

१६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांडनं सोन्याच्या नादात मूत्र आटवलं आणि हाती अंधारात चमकणारा फॉस्फरस आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉन वाटून घेणारा बंध रसायनशास्त्रज्ञ लुईसनं मांडला थेट १९१६ साली. खताचं मोजमाप मात्र त्याआधीच ऑक्साइडच्या हिशेबानं रुळलं होतं, ते अजून सुटलेलं नाही. डीएपीच्या पोत्यावरचे ४६ टक्के म्हणजे पी-टू-ओ-फाइव्ह, फॉस्फरसचं ऑक्साइड. ५० किलोच्या पोत्यात निव्वळ फॉस्फरस भरतो जेमतेम १० किलो!

खरी मेख कॅल्शियमची. धन दोनचे तीन कॅल्शियम आणि ऋण तीनचे दोन फॉस्फेट, बेरीज शून्य, आणि ही गाठ पाण्यानं सुटत नाही. इंग्लंडच्या जॉन लॉझनं १८४२ मध्ये हाडांवर आणि खनिज फॉस्फेटवर सल्फ्युरिक आम्ल घालून ती सोडवण्याचं पेटंट घेतलं. हायड्रोजन आत गेला, बराचसा कॅल्शियम सुटला, सुपरफॉस्फेट तयार झालं.

आपली काळी माती हे काम उलटवते. ती अल्कधर्मी, चुनखडीची. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात सामू (पीएच) आठच्याही वर जातो. विरघळलेल्या फॉस्फेटला कॅल्शियम पुन्हा धरतो आणि खत वावरात असून पिकाला मिळत नाही. म्हणूनच डीएपी फेकू नये, तिफणीनं बियाण्याच्या बाजूला, थोडं खाली पेरावं. मातीशी संबंध जितका कमी तितकं बरं. बियाण्याला चोळतात ते पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणूही आम्लंच सोडतात, पण चुना भरपूर असलेल्या रानात तेवढ्या आम्लाचा टिकाव फारसा लागत नाही.