एचबी ९ आला, पण रक्त गेलं कुठे?

नागपुरात एखाद्या बाईचा एचबी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा, ९ आला की संध्याकाळी घरात डाळिंब येतं. शेजारची काकू बीटाचा रस सुचवते, सासूबाई गूळ-शेंगदाणे पुढे करतात, औषधाच्या दुकानातला मुलगा टॉनिकची बाटली काढून देतो. हेतू सगळ्यांचा चांगलाच असतो. रक्त कमी कशानं झालं, हे विचारायचं मात्र राहून जातं, आणि गोम तिथेच आहे. रक्त कमी होण्याच्या वाटा मुख्यतः तीन. ते बनवायला लागणारा माल, मुख्यतः लोह, कमी पडतो, बनलेलं रक्त बाहेर जातं, किंवा बनलेल्या पेशी आतल्या आत लवकर फुटतात. कागदावर तिन्हींचा आकडा सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगवेगळे.

डाळिंबाचं आधी उरकून टाकू. १०० ग्रॅम दाण्यांत लोह असतं जेमतेम ०.३ मिलिग्रॅम, बीटात ०.८ च्या आसपास. दोन्हींचा लाल रंग वनस्पतींच्या रंगद्रव्यांचा आहे, रक्ताशी त्याचं काही नातं नाही. फळ म्हणून डाळिंब जरूर खावं, पण रक्तासाठी दीडशे रुपये मोजत असाल तर त्यापेक्षा जवसाची चटणी, तीळ, हरभरा आणि चवळी बरी. आंबट भाजी लोखंडी कढईत केली की कढईतलं थोडं लोह तिच्यात उतरतं, त्यामुळे आंबाडीची भाजी तशी करण्यात तथ्य आहे. रंग काळपट येतो, त्याला इलाज नाही. मांसातलं लोह शरीराला सगळ्यात सहज मिळतं. (सावजीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, लोह मटणात असतं, तर्रीत नाही.)

आता शरीराचा हिशोब बघू. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण लोह ३ ते ४ ग्रॅम, त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मेली की तिच्यातलं लोह शरीर जपून काढून घेतं आणि नव्या पेशीत घालतं. रोज नव्यानं लागतं ते १-२ मिलिग्रॅम. जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाहीच, इतकं ते काटकसरी आहे. म्हणूनच एखाद्या पुरुषाचं लोह कमी आलं की डॉक्टर लगेच विचारतात, रक्त कुठून जातंय? बाईच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं वाटतं.

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलीटर रक्त जातं आणि प्रत्येक मिलिलीटरबरोबर जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह. म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम. बरं खाणारी बाई एवढं भरून काढू शकते. ८० मिलिलीटरच्या वर गेलं की हिशोब बिघडतो आणि वर्षभरात साठा रिकामा होतो. पण ८० मिलिलीटर मोजायचं कोणी आणि कसं? दवाखान्यात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "पाळी तं बरोबर आहे मॅडम." मग जरा खोदून विचारलं की हळूहळू निघतं. पहिले दोन दिवस दर दीड तासानं पॅड बदलावा लागतो. रात्री एकदा उठावं लागतं. मोठ्या गाठी पडतात. आठ दिवस चालतं. "पण माह्या आईचंही असंच होतं, पॅड तं सगळ्याइलेच बदलवा लागते." आईचं, मावशीचं, मोठ्या बहिणीचं तसंच होतं, म्हणून ते बरोबर ठरलं! घरातल्या सगळ्याच बायकांना जास्त जात असेल तर रक्त गोठण्यात आनुवंशिक दोष असू शकतो, ही शक्यता कोणाच्या मनातही येत नाही. वयात आल्यापासूनच मुलीला फार जात असेल, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागत असेल, नाकातून वारंवार येत असेल, तर या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा. तिशी-चाळिशीत अचानक वाढलं असेल तर गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड, तांबी (कॉपर-टी) यांकडे बघावं लागतं.

आणि पाळी बंद झालेल्या बाईचं लोह कमी आलं तर? मग पाळीवर ढकलता येत नाही. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून थेंब-थेंब रक्त जात राहतं, ते डोळ्यांना दिसत नाही. मूळव्याध असते, क्वचित आतड्याचा कॅन्सरही असतो. साठीतल्या आजीला नुसतं टॉनिक देऊन घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईसाठी एचबी १२ आणि गरोदर बाईसाठी ११ ही जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण रेषा आहे. निम्म्याहून जास्त बायका रेषेखाली असल्या की "बायकांचं असंच राहते" असं म्हणायची सगळ्यांना सवय लागते. अंगावर काढणं हा आपल्याकडे गुणच मानला जातो.

गोळ्यांबद्दलच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत. आशाताई देते त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. "गरम पडते" म्हणून ती डब्यात पडून राहते. खरं तर शोषलं न गेलेलं लोह आतड्यात उरतं आणि तेच त्रास देतं: मळमळ, पोटात कळ, शी काळी, शौचाला घट्ट. मग शोषलं का जात नाही? लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं. हेप्सिडिन हा आतड्याच्या गेटवरचा चौकीदार: "आत्ताच गाडी आली, आता उद्या-परवा या." दुसऱ्या दिवशीच्या गोळीला तो आत सोडत नाही, ती पोटात नुसती गडबड करते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं, की लोह कमी असलेल्या तरुण बायकांना रोजच्याऐवजी एक दिवसाआड गोळी दिली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह अंगी लागतं. त्यामुळे गोळी सोसत नसेल तर ती बंद करण्याआधी एक दिवसाआड घेऊ का, हे डॉक्टरांना विचारून बघा. गरोदरपणात मात्र स्वतःच्या मनानं बदल करू नका. तिथे गरज मोठी असते, अख्ख्या नऊ महिन्यांत मिळून साधारण १००० मिलिग्रॅम.

चहा हा या गोष्टीतला खलनायक आहे, हे लिहिताना माझाही हात जड होतो. चहातली टॅनिनं डाळ-भाजीतल्या लोहाला धरून ठेवतात. उलट क जीवनसत्त्व ते लोह विरघळलेलं ठेवतं. म्हणजे तर्रीपोह्यावर लिंबू पिळून आपण जे कमावतो, ते वर कटिंग मारून घालवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तरी बराच फरक पडतो. जेवणावर संत्रं खायची पद्धत नागपूरकराला शिकवायला नको, ते गोळीबरोबर खाल्लं तरी चालतं. कॅल्शियमची गोळी मात्र लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. गरोदर बाईला दोन्ही मिळतात आणि सोपं पडतं म्हणून दोन्ही एकदमच गिळल्या जातात. एक सकाळी, एक रात्री. आणि एचबी १२ झाला म्हणून लगेच थांबू नका. रक्त भरलं तरी मागचा साठा भरायला आणखी तीनेक महिने जातात.

घरी कोणी भिंतीची माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खात असेल तर तिला रागावू नका, रक्त तपासा. अशी विचित्र ओढ लोहाच्या कमतरतेत लागते आणि लोह भरलं की बहुतेकदा आपोआप जाते.

इतकं करूनही तीन महिन्यांनी एचबी हलला नाही तर? इथे हातातला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद नीट वाचायला हवा. बहुतेक जण पहिली ओळ वाचून घडी घालतात. समजा एका बाईचा एचबी ९.२ आहे, लाल पेशी ४.२ (म्हणजे घन मिलिमीटरला ४२ लाख) आणि पेशीचा सरासरी आकार, एमसीव्ही, ६८. दुसरीचा एचबी ११.१, पेशी ५.६ आणि एमसीव्ही ६४. दोघींच्या पेशी बारीक आहेत, कारण एमसीव्ही ८० च्या वर असायला हवा. पण पहिलीकडे पेशीही कमी आहेत. माल नाही म्हणून कारखाना मंदावला. दुसरीकडे पेशी भरपूर, फक्त बारीक. एमसीव्हीला पेशींच्या आकड्यानं भागा. पहिलीचं उत्तर १६, दुसरीचं ११. १३ च्या वर असेल तर लोह कमी असण्याचा संशय जास्त, खाली असेल तर थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक दोषाची) वाहक असण्याचा. हा पक्का निदानाचा नियम नाही, पण पुढची तपासणी कोणती करायची हे त्यावरून सुचतं: पहिलीला फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी), दुसरीला एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी). दुसऱ्या बाईला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या तरी तिच्या पेशी बारीकच राहणार.

आणि विदर्भात तिसरी वाट, पेशी आतल्या आत फुटण्याची, कधीच विसरायची नसते. सिकलसेल या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतला सहावा दुवा बदललेला असतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. फरक एवढाच, हे शास्त्रज्ञ व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवलं. त्या एका बदलामुळे ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ती १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच फुटते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यामुळे डोळे पिवळे, हाडं-सांध्यांत असह्य कळा, एचबी ७-८. इथे रक्त बाहेर गेलेलं नसतं आणि पेशी फुटल्या तरी त्यांतलं लोह अंगातच राहतं. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात लोह उलट साठत जातं. अशा मुलाला लोहाची टॉनिकं पाजत राहण्यापूर्वी फेरिटिन बघणं भागच आहे. त्याला लागतं ते फॉलिक ॲसिड, वेळेवर लसी आणि डॉक्टरांनी ठरवलं तर हायड्रॉक्सियुरिया हे औषध.

मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत आणि बौद्ध समाजात याचं प्रमाण जास्त, पण कुणबी, तेली अशा इतर समाजांतही तो सापडतो. म्हणून आडनाव पाहून तपासणी करणं किंवा टाळणं दोन्ही चूक. हा जीन इथे टिकला त्याचं कारण मलेरिया. दोनांपैकी एकच जीन बदललेला असला, म्हणजे माणूस वाहक असला, तर गंभीर मलेरियापासून त्याचा बऱ्यापैकी बचाव होतो. जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या हाच फायदा पुरला.

नागपूरचा उन्हाळा मात्र सिकलसेलच्या रुग्णाच्या बाजूनं नाही. या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे पाणी भराभर निघून जातं. पोर रात्री गादी ओली करतं म्हणून आई त्याला पाणी कमी देते, आणि नवतप्याच्या ४५ अंशांत रक्त घट्ट होऊन कळा सुरू होतात. पाणी तोडू नका, गादीवर प्लास्टिक टाका.

वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो आणि त्याचा एचबी अगदी चांगला असू शकतो. "माझा एचबी १३ आहे, मला कशाला टेस्ट?" हे म्हणूनच चालत नाही. साधी सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते; वाहक की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस केल्यावर कळतं. थॅलेसेमियाचा वाहकही सोल्युबिलिटीत सुटून जातो, आणि एक पालक सिकलचा व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकतं.

दोघंही सिकलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा अर्थ अनेक घरांत काढला जातो. तसं नाही, प्रत्येक वेळी फासा नव्यानं पडतो. साक्षगंधाच्या आधी तपासा असं सगळे सांगतात, पण तेव्हा फार उशीर झालेला असतो. पत्रिका, पैसा, मानपान या गर्दीत वाहक असल्याचा कागद निघाला की तो मुलीकडचे लपवतात, आणि निघालाच तर बोट मुलीकडे जातं. रक्तगट माहीत असतो तसं हे कॉलेजच्या वयातच माहीत असलं, तर त्याची लाज उरत नाही. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. नागपुरातल्या डागा, मेयो, मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयांत चौकशी केली की तपासणीचं कळतं.

लग्न झालेलं असेल आणि दिवस गेलेले असतील तर घाई करावी लागते ती आठवड्यांची. बाळाचा नमुना ११ ते १४ आठवड्यांत वारेतून घेता येतो, नंतर १५ आठवड्यांपुढे गर्भजलातून. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा १९९४ चा कायदा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी करायला परवानगी देतो, त्यामुळे त्याची भीती बाळगायचं कारण नाही. वेळ जातो तो दुसरीकडेच. बाई आठव्या आठवड्यात नाव नोंदवते, तिची चाचणी पॉझिटिव्ह येते, मग नवऱ्याला बोलावणं जातं. तो बुटीबोरीला कामावर असतो, रविवारी लॅब बंद असते, "मले काय झालं, मी तं ठणठणीत आहे" म्हणत दोन हप्ते निघून जातात. नाव नोंदवायला जातानाच त्यालाही सोबत न्या आणि दोघांचं रक्त एकाच दिवशी द्या.