टेप कुठे लावायची आणि वॉशर कुठे: नळाचे सारखे दिसणारे दोन जोड

नळाचा जोड ठिबकायला लागला की हात आधी टेफ्लॉन टेपकडे जातो. टेप गुंडाळली, पाना मारला, तरी ठिबकतंच. मग आणखी टेप. दोष टेपचा नसतो. आट्यांचे जोड दोन जातींचे असतात आणि वरून ते सारखेच दिसतात. एकात पाणी आट्यांमध्ये अडतं. दुसऱ्यात ते वॉशरवर अडतं, आटे फक्त तो वॉशर दाबून धरतात. टेप पहिल्या जोडासाठी आहे.

ओळखायचं कसं? नट पाइपवर मोकळा फिरत असेल आणि आत डोकावल्यावर रबराची चकती दिसत असेल, तर तो वॉशरचा जोड. गीझर किंवा बेसिनचा कनेक्शन पाइप, वॉशिंग मशीनचा पाइप, हँड शॉवरचा पाइप हे सगळे यात आले. या नटासमोरच्या आट्यांचं टोकही सपाट असतं, कारण वॉशर तिथेच टेकायचा असतो. उलट निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा), एल्बो (काटकोनी वळण), टी (तीन तोंडांचा तुकडा) यांत काहीच मोकळं फिरत नाही. अख्खा तुकडा दुसऱ्यात पिळत जातो आणि टेकायला चकती नसते. तिथे आटेच पाणी अडवणार.

अशा जोडाचे बाहेरचे आटे बहुधा निमुळते असतात, दर 16 मिमी लांबीला व्यासात 1 मिमी. त्यामुळे पिळत जाल तसे ते पाचरीसारखे आवळतात. तरीही आट्याचं टोक आणि समोरची खाच यांच्यात बारीक फट राहते, आणि ती आट्यांबरोबर गोल फिरत थेट बाहेर पोचते. टेप किंवा सफेदा (सांध्यांना लावायचा पांढरा लेप) लावलेला तागाचा धागा ही फट भरतो. वॉशरच्या जोडाचे आटे सरळ असतात, पाणी अडवणं हे त्यांचं कामच नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनीही हे वेगळं ठेवलंय: आट्यांवर पाणी अडवणाऱ्या जोडांसाठी आयएसओ 7, तसं न अडवणाऱ्यांसाठी आयएसओ 228. पहिल्यातल्या निमुळत्या बाहेरच्या आट्यांची खूण ‘आर’, दुसऱ्यातल्या आट्यांची ‘जी’. (‘अर्धा इंच’ हे नुसतं नाव आहे. या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास 21 मिमी भरतो.)

आता टेप लावायची रीत. जुनी टेप खाचांतून पूर्ण काढा, तारेच्या ब्रशने घासा, कोरडं करा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर पिळताना सुटून मागे गोळा होते. टोकाचा एक आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे पाण्यात जाऊन नळाच्या जाळीत अडकतात. टेप ताणून धरा, खालचे आटे वर उमटले पाहिजेत. फेरे किती, याला एक उत्तर नाही. जाड टेपचे तीन-चार पुरतात, पातळ टेपचे सैल आट्यांवर आठ-दहाही लागतात. फेरे मोजण्यापेक्षा हाताला विचारा. दोन-तीन आटे हाताने गेल्यावर जोड जड व्हायला हवा. शेवटपर्यंत हातानेच गेला तर टेप कमी पडली. जड झाल्यावर पान्याने साधारण एक ते दीड फेरा पुरे, आणि मागचा एल्बो दुसऱ्या पान्याने धरून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ भिंतीतल्या नळाचा होतो. नळाची शेपटी, म्हणजे भिंतीत जाणारं टोक, बऱ्याचदा सरळ आट्यांची असते, भिंतीतल्या एल्बोचे आटेही सरळ, आणि वॉशर टेकायला जागा नाही. म्हणजे आटे वॉशरच्या जातीचे आणि काम मात्र टेपचं. पाचर बसत नसल्याने सगळी मदार भरणावर राहते. टेप नेहमीपेक्षा जास्त लागते आणि इथे धागा-सफेदा अधिक भरवशाचा. त्यात नळाचं तोंड नेमकं खाली यायला हवं. थोडं पुढे गेलं म्हणून मागे फिरवलं की टेपचा जोड गेलाच, कारण दबलेली टेप परत फुगत नाही. नळ काढा, आटे साफ करा आणि नव्याने एखादा फेरा वाढवून बसवा. धाग्याचा जोड किंचित मागे घेतलेला सोसतो. इथली गळती भिंतीवरचं भोक झाकणाऱ्या चकतीच्या मागून भिंतीत मुरते, म्हणून ही चकती सरकवण्याआधी पाणी सोडून बघा.

एल्बो प्लास्टिकचा असेल तर जोर आवरा. टेप गुळगुळीत असल्याने पाना हलका जातो, पाचर मात्र आतून तेवढीच ताण देत राहते. मग एल्बोला चीर पडते, तीही कधी कधी दुसऱ्या दिवशी.

वॉशरच्या जोडाला यातलं काहीच लागत नाही. टोक पुसा, वॉशर सरळ बसलाय का बघा, नट हाताने घट्ट करा आणि पान्याने पाव फेरा द्या. गळला तर वॉशर बदला. कडक झालेला, चिरलेला किंवा एका बाजूला दबलेला वॉशर कितीही आवळला तरी पाणी धरत नाही. एकावर एक दोन वॉशर घालू नका, ते तिरके सरकतात. लोक फसतात ते इथे: वॉशरवरून निसटलेलं पाणी आट्यांतून वाट काढत नटाच्या कडेने बाहेर येतं आणि आटेच गळल्यासारखे वाटतात. मग टेप लागते, नट वॉशर दाबण्याआधीच जड होतो आणि आपण समजतो की घट्ट बसला.

कुठेच जमत नसेल तर आट्यांची जात तपासा. ब्रिटिश पद्धतीचे आटे 55 अंशांचे, अमेरिकी 60 अंशांचे. अर्ध्या इंचात दोन्हींचे इंचाला 14 आटे, म्हणून एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे खुशाल जातो आणि मग अडतो. त्यावर टेपचा उपाय चालत नाही, तुकडाच बदलावा लागतो.

शेवटी जोड पुसून कोरडा करा, पूर्ण दाबाने पाणी सोडा आणि खाली कोरडा कागद ठेवून काही तासांनी बघा. बारीक पाझर ओल्या हाताला कळत नाही, कागदावर लगेच दिसतो.