न्यूट जेवत नसेल, तर आधी पाणी तपासा

कालपर्यंत ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) दिसताच झेपावणारा न्यूट आज समोर वळवळणाऱ्या गांडुळाकडे ढुंकूनही बघत नाही. न्यूट पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकावर ही वेळ येते. मग अन्न बदलून बघण्याची धांदल सुरू होते. गांडूळ नको तर डॅफ्निया, डॅफ्निया नको तर आर्टेमिया (हे दोन्ही पाण्यातले इवले कवचधारी जीव), तेही नको तर चिमट्याने तोंडापाशी नेऊन आग्रह. या सगळ्यात खरं कारण बाजूलाच राहतं, कारण बहुतेक वेळा ते अन्नात नसतंच. ते पाण्यात असतं, पाण्याच्या तापमानात असतं, नाहीतर न्यूटच्या शरीरात चाललेल्या एखाद्या बदलात असतं.

न्यूट हा सॅलमँडरच्या कुळातला शेपटीवाला उभयचर. घरोघरी पाळले जातात ते मुख्यतः चिनी आणि जपानी फायर-बेली न्यूट. हे पोटाला नारिंगी-लाल आणि पाठीला काळपट असतात. त्यांच्या त्वचेवर खवले नसतात. ती पातळ, ओलसर असते आणि तिच्यातून पाणी, क्षार, वायू आत-बाहेर करत राहतात. आजूबाजूच्या पाण्यात जे असेल ते थोडंफार न्यूटच्या अंगात उतरतंच. म्हणूनच पाणी बिघडलं की सर्वात आधी भूक जाते.

सुरुवात थर्मामीटरपासून करा. न्यूटच्या टाकीत हीटर नसला तरी चालेल, थर्मामीटर मात्र हवाच, असं माझं ठाम मत आहे. फायर-बेली न्यूटला साधारण १६ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. २४ अंशांच्या वर तो अस्वस्थ होतो, आणि तिथे जेवण सोडणं ही त्याची पहिली तक्रार असते.

खरं तर गरम पाण्यात भूक वाढायला हवी, असं कुणालाही वाटेल. न्यूटच्या शरीराचं तापमान भोवतालच्या पाण्याइतकंच असतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो. एका मर्यादेपर्यंत भूक वाढतेही. त्यापुढे गणित उलटतं. वेग वाढल्यामुळे शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमका तोच गरम पाण्यात कमी मिळतो. १५ अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, २५ अंशांना तो ८.३ मिलिग्रॅमवर येतो. न्यूट वर येऊन फुप्फुसात हवा भरून घेतो हे खरं, पण त्याचा बराचसा श्वास त्वचेतून चालतो. त्यातच अन्न पचवायचं म्हणजे ऑक्सिजनचा आणखी खर्च. आधीच ओढाताण चाललेलं शरीर हा खर्च टाळतं, आणि आपल्याला दिसतो तो फक्त तोंड फिरवणारा न्यूट.

टाकी गार करायला छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा सोडणं हा सर्वात साधा उपाय. बाष्पीभवनामुळे पाणी काही अंशांनी उतरतं. झाकण काचेचं असेल तर जाळीचं करावं. पण फट राहू देऊ नये, न्यूट उभ्या काचेवरही चढतात. टाकीवरचा दिवा आणि पंपाची मोटर पाणी तापवतात, हे सहसा लक्षात येत नाही. बर्फ थेट टाकण्याचा मोह टाळावा. तासाभरात पाणी पाच-सहा अंशांनी खाली-वर झालं, तर तो धक्का उन्हाळ्याहून वाईट. पाणी खूपच थंड असेल, म्हणजे १० अंशांच्या आसपास, तर न्यूट कमी खातो आणि ते स्वाभाविक आहे. निसर्गात थंडीचे महिने तो असेच काढतो.

तापमान ठीक निघालं, तर पाळी पाण्याच्या तपासणीची. पाणी स्वच्छ दिसतं यावर विसंबू नका, कारण अमोनिया दिसत नाही. न्यूटच्या विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया पाण्यात येतो. टाकीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने सौम्य नायट्रेट करतात. नव्या टाकीत या जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधीच प्राणी आत सोडला तर तो स्वतःच्याच घाणीत राहतो. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच यायला हवेत. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, एकाने वाढला तर अमोनियाचा विषारी वाटा जवळपास दहापट होतो, त्यामुळे अल्कधर्मी पाण्यात थोडासा अमोनियाही जास्त बाधतो. पाणी खराब निघालं तर रोज थोडं थोडं, साधारण पाव भाग बदलावं, तेही त्याच तापमानाच्या आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याने. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या भांड्यात दिवसभरात उडून जातो. काही ठिकाणी त्याऐवजी वापरलं जाणारं जंतुनाशक क्लोरामाइन मात्र तसं उडत नाही, त्यासाठी क्लोरीन काढणारं द्रावणच लागतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, तो टाकीतल्याच पाण्यात पिळावा. नाहीतर महिनाभर जमवलेले जिवाणू एका धुण्यात जातात. माशांसाठीची तांबं असलेली औषधं या टाकीत कधीही घालू नयेत.

पाणी आणि तापमान दोन्ही ठीक असूनही न्यूट जेवत नसेल, तर त्याच्याकडे नीट बघत बसावं. कदाचित तो कात टाकण्याच्या बेतात असेल. अशा वेळी त्वचा फिकी, धुरकट दिसते आणि तो दगडाला, पानांना अंग घासतो. कात ओठांपाशी सुटते, डोक्यावरून मागे सरकते आणि मोजा उतरवावा तशी उलटी होत शेपटीपर्यंत जाते. पायाच्या बोटांवरची जवळपास पारदर्शक कातही अख्खी निघते. मग बरेच न्यूट मान वळवून ती कात तोंडात धरतात आणि गिळूनही टाकतात. या काळात एक-दोन दिवस जेवण नको म्हणणं अगदी नेहमीचं. नवीन घरी आलेला न्यूट आठवडाभर तोंड बंद ठेवतो, तेही असंच. त्याला लपायला जागा द्यावी, दिवा मंद ठेवावा आणि काचेवर टकटक करणाऱ्यांना दूर ठेवावं.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो पाणी आणि जमीन या दोन आयुष्यांचा. पाण्यात न्यूट भक्ष्य अक्षरशः ओढून घेतो. तो जवळ येतो, मान किंचित तिरकी करतो, क्षणभर थिजतो. मग घशाच्या तळाची हाडं झटकन खाली जातात, तोंडाची पोकळी मोठी होते आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर अळी आत जाते. जमिनीवर ही युक्ती चालत नाही, तिथे चिकट जिभेने भक्ष्य उचलावं लागतं. अनेक जातींची पिल्लं पाण्यातून बाहेर आल्यावर बराच काळ जमिनीवरच राहतात. उत्तर अमेरिकेतला ‘ईस्टर्न न्यूट’ जमिनीवरच्या अशा नारिंगी अवस्थेत काही वर्षं काढतो आणि मगच पाण्यात परततो. मोठे न्यूटही ऋतूनुसार घर बदलतात. जमिनीवर त्यांची त्वचा खरखरीत होते आणि शेपटीची झालर आखडते. पाण्यातली हालचाल टिपणारी अंगावरची संवेदकं त्वचेखाली दबतात.

अशा अवस्थेतल्या न्यूटला खोल पाण्यात ठेवून समोर ब्लडवर्म टाकले, तर तो खाणार नाही. त्याची भूक शाबूत असते, पण शरीर त्या वेळी पाण्यात शिकार करायला तयार नसतं. सतत काचेवर चढणारा, पाण्याबाहेर राहू पाहणारा, कोरड्या-खरखरीत त्वचेचा न्यूट दिसला, तर पाणी उथळ करावं, ओल्या शेवाळाचा मोठा काठ द्यावा आणि गांडुळाचा तुकडा तिथे ठेवावा. भूक परत आलेली अनेकदा त्याच दिवशी दिसते. मात्र एरवी पाण्यात रमणारा न्यूट अचानक बाहेर बसू लागला, तर पाणी पुन्हा तपासावं. दूषित पाण्यातून तोही असाच पळ काढतो.

टाकीत आणखी कोण आहे, हेही महत्त्वाचं. मासे शेपट्या कुरतडतात आणि अन्न आधीच फस्त करतात. धिटुकला जोडीदार दुसऱ्याच्या तोंडचा घास ओढतो. शंका असेल तर काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून बघावं.

अन्न द्यायचं तर हलणारं द्यावं. न्यूटचे डोळे हालचाल टिपतात. निश्चल गोळी त्याला पुष्कळदा अन्न वाटतच नाही. गांडूळ हे मला सर्वात उत्तम अन्न वाटतं. ते पौष्टिक असतं आणि त्याचा वास पाण्यात पसरतो. डोक्याच्या रुंदीहून लहान तुकडा बोथट चिमट्यात धरून नाकासमोर हळू हलवावा आणि अर्धा मिनिट थांबावं. मान वळली तर ठीक, नाही वळली तर चिमटा बाजूला घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बघावं. तोंड उघडून बळेच भरवू नये. जबडा नाजूक असतो. ते काम गरज पडली तर पशुवैद्याचंच.

किती दिवस वाट बघायची, हे दिवस मोजून ठरत नाही, शरीर बघून ठरतं. धडधाकट मोठा न्यूट दोन आठवडे न खाता सहज काढतो. पिल्लाची शिदोरी तोकडी, त्याला इतकी सवड नसते. न्यूटची चरबी शेपटीच्या बुडाशी साठते. ते बूड बारीक होऊ लागलं, कमरेची हाडं वर दिसू लागली, तर आणखी थांबू नका. आठवड्यातून एकदा छोट्या डिजिटल काट्यावर ओल्या भांड्यात ठेवून वजन करावं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी घटही कळते.

फुगलेलं पोट, पाण्यावर तरंगत राहणं, पायांवर लाली, अंगावर बुरशीचे पुंजके, तोंडाभोवती सूज, यातलं काहीही दिसलं तर उभयचर हाताळणाऱ्या पशुवैद्याकडे जावं. तळाशी बारीक खडे असतील तर गिळलेला खडा आतड्यात अडकलेला असू शकतो, हेही त्यांना सांगावं. न्यूट जंगलातून पकडलेला असेल तर तेही सांगावं, अशा प्राण्यांच्या विष्ठेत परजीवी सापडतात.

त्वचेवर काळपट खड्ड्यांसारखे व्रण दिसले तर जास्तच सावध व्हावं. बॅट्राकोकायट्रियम सॅलमँड्रिव्होरान्स या बुरशीची ओळख २०१३ मध्ये पटली. नेदरलँड्समधल्या फायर सॅलमँडरची संख्या तिच्यामुळे कोसळली होती, आणि ती आशियातल्या न्यूटांच्या व्यापारातून युरोपात गेली असावी, असं संशोधकांचं मत आहे. २०१६ मध्ये अमेरिकेने सॅलमँडरच्या २० प्रजातिगटांच्या आयातीवर बंदी घातली ती याच भीतीने. म्हणून नवा न्यूट काही आठवडे वेगळा ठेवावा, टाकीचं पाणी उघड्या ओढ्या-तळ्यात कधीही सोडू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत. न्यूटच्या त्वचेत विषही असतं, ते डोळ्यांत-तोंडात जाऊ नये.

आणि तो पुन्हा खायला लागला, की उपासाची भरपाई एका दिवसात करू नये. एक छोटा तुकडा द्यावा, मग एक दिवस सोडावा, मग पुन्हा एक तुकडा. उरलेलं अन्न तासाभरात काढून टाकावं. वजन दोन-तीन आठवडे स्थिर राहिलं किंवा वाढत गेलं, की नेहमीच्या वेळापत्रकावर यायला हरकत नाही.