बाहुली कुठून बोलते आणि दिवा कधी लुकलुकतो

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या जेल रोडला झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला उभं राहिलं की दरवर्षी मागून कुणीतरी म्हणतंच, "बघा, लायटिंग कशी ढोलावर सेट केलीय!" केलेली नसते. झांकीवरच्या माळा आपल्या कंट्रोलरच्या हिशेबाने उघडमिट करत असतात आणि आखाड्याचा ढोलवाला त्यांच्याकडे पाठ करून वाजवत असतो. दोघांची सांगड बसते ती बघणाऱ्याच्या डोक्यात. हे सांगितलं की तोच गृहस्थ समजूतदारपणे मान हलवतो, "म्हणजे शेवटी डोळा कानाला फसवतोच. मॅकगर्क इफेक्ट!"

(ओठ बघून अक्षर वेगळंच ऐकू येतं, तो भ्रम.) अहो, उलटं! इथे कानाने डोळ्याला फसवलंय. मी इंदूरला रामबागेत मुलांना तबला शिकवतो, आणि पालकांपासून मैफलीतल्या जाणकारांपर्यंत हा घोळ इतक्यांदा ऐकलाय की एकदा लिहूनच टाकतो.

घोळ दोन गोष्टींचा आहे. पहिलीला मी 'जागेची ओढ' म्हणतो, दुसरीला 'वेळेची ओढ'.

जागेची ओढ तुम्हाला माहीत आहे. बोलक्या बाहुल्यांचा खेळ तोच. आवाज माणसाच्या गळ्यातून निघतो, ओठ बाहुलीचे हलतात, आणि बाहुलीच बोलतेय असं वाटतं. टॉकीजमध्ये आवाज स्पीकरमधून येतो, ऐकू मात्र नटाच्या तोंडातून येतो. आवाज कुठून आला हे इथे डोळा ठरवतो. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांचा १९७६चा प्रयोग तर आता शाळकरी पोरंसुद्धा मोबाईलवर दाखवतात: ओठ 'ग' म्हणतात, आवाज 'ब'चा असतो, आणि ऐकू येतो 'द'. तो ना जागेचा ना वेळेचा, तो अक्षराच्या ओळखीचा प्रश्न आहे. लयीच्या चर्चेत तो पुन्हा पुन्हा का आणतात, मला कळत नाही.

आता वेळेची ओढ. पडद्यावर दिवा एकदाच चमकवा आणि त्याच क्षणाच्या आसपास दोन बारीक 'टिक-टिक' वाजवा. बघणाऱ्याला पुष्कळदा दिवा दोनदा चमकल्यासारखा दिसतो. शम्स, कामितानी आणि शिमोजो यांनी हे २००० साली दाखवलं. मजा ही, की टिकटिक दोन आहेत आणि चमक एकच आहे हे आधी सांगून ठेवलं तरी डोळ्याला दोनच दिसतात. त्याच्याही बऱ्याच आधी, १९६४ साली, शिप्ली यांनी दिव्याची लुकलुक एका वेगावर कायम ठेवून सोबतच्या आवाजाचा वेग कमीजास्त केला. लोकांना दिव्याचाच वेग बदलल्यासारखा वाटला. उलट, लुकलुक बदलून आवाजाची लय हलवायचा खटाटोप फारसा जमत नाही. आता पुन्हा जेल रोडवर या. दिव्यांचा वेग ढोलाच्या आसपास असला की झालं, बाकीचं काम कान उरकतो.

असं का, याचं उत्तर यंत्रात आहे. कानातल्या केसपेशी आवाजाच्या थरथरीचं विजेच्या इशाऱ्यात रूपांतर मिलिसेकंदाच्याही आत करतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचं तेच काम रसायनांच्या साखळीतून होतं, त्याला दहा-वीस किंवा त्याहून जास्त मिलिसेकंद लागतात, आणि वर चित्र जरा फरफटतं. म्हणून दिवा सेकंदाला पन्नास-साठदा चमकला की आपल्याला तो स्थिर जळताना दिसतो, पण आवाजात दोन-तीन मिलिसेकंदांची फट पडली तरी कानाला कळते. जागेच्या बाबतीत पारडं फिरतं. चांगली नजर एका अंशाचा साठावा भाग ओळखते, कानाला अगदी समोरचा आवाजही सुमारे एका अंशाहून बारीक सांगता येत नाही.

तेव्हा "डोळा मोठा की कान" हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच. मेंदू साक्षीदाराचा हुद्दा बघत नाही, त्या प्रश्नापुरती त्याची साक्ष किती पक्की आहे ते बघतो. २००४ साली अलाइस आणि बर यांनी पडद्यावरचा ठिपका मुद्दाम खूप धूसर केला, आणि ज्या जागेवर डोळ्याची मक्तेदारी समजतात तिथेही कान डोळ्याला ओढू लागला. झांकीवरचे दिवे कितीही झगझगीत असोत, त्या झगझगाटाने 'कुठे' पक्कं होतं. 'कधी' मात्र कानाच्या मानाने कच्चंच राहतं.

याचा रियाजाशी संबंध आहे, म्हणून तर लिहितोय. माझ्याकडे एक मुलगी यायची, घरी आजोबा झोपलेले असतात म्हणून मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजून देणाऱ्या यंत्राचा, आवाज बंद करून नुसत्या चमकणाऱ्या ठिपक्यावर कायदा (तबल्यातली बांधीव रचना) घोटायची. महिनाभरात हात तयार झाला, लय मात्र डुगडुगायला लागली. तिचा दोष नव्हता. टिकटिकीवर बोट आपटणं आणि चमकेवर बोट आपटणं यात माणसं दुसऱ्यात हमखास जास्त चुकतात. आमच्या क्लासात मुका मेट्रोनोम बंद, इयरफोन लावा. त्याहून बरा लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी धून.

पण याचा अर्थ डोळ्याला लय कळतच नाही असा घेऊ नका, तो दुसऱ्या टोकाचा आचरटपणा झाला. डोळा कच्चा आहे तो अचानक चमकून विझणाऱ्या गोष्टीत. हलणारी वस्तू दाखवा, तो पुष्कळ सावरतो, कारण टप्पा खाणारा चेंडू जमिनीला कधी लागणार हे येतानाच दिसतं. आणि कर्णबधिर माणसं तर नुसत्या चमकेशीसुद्धा ऐकू येणाऱ्यांपेक्षा चांगली जुळवून घेतात असं २०१५च्या एका अभ्यासात आढळलं. गुरू हाताने ताल देतात ते याच कारणाने चालतं. हात खाली येताना दिसतो, टाळी कुठे पडणार ते आधीच कळतं.

एका ठिकाणी मात्र डोळा आवाजाच्या लांबीतही ढवळाढवळ करतो. मारिंबा म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांचं वाद्य. शुट्झ आणि लिप्सकॉम यांनी २००७ साली दाखवलं की वादकाने हात लांब, डौलदार फिरवला तर तोच स्वर ऐकणाऱ्याला लांब वाटतो, झटका आखूड दिला तर आखूड. आवाजात फरक नसतो. आघाताने न निघणाऱ्या आवाजावर ही जादू जवळपास चालत नाही, म्हणजे 'या हातानेच हा आवाज काढला' हे मेंदूला पटावं लागतं. 'धा' मारून हात हवेत फेकणाऱ्या तबलजींना आता एक शास्त्रीय सबब मिळाली. मला ते तरीही आवडत नाही.

अंतराचं थोडक्यात: ३४ मीटरवरून बघितलं तर ढोलाचा आवाज टिपरूच्या (ढोलाच्या काठीच्या) मागून एक दशांश सेकंदाने येतो, तरी आपलं बिघडत नाही. मेंदूला उशिरा येणारा आवाज सवयीचा आहे, आधी येणारा नाही. टीव्ही प्रसारणाच्या मानकातही आवाज आधी आला तर ४५ मिलिसेकंदांनाच खटकतो आणि मागे राहिला तर १२५पर्यंत खपतो असं धरलंय. ब्लूटूथ स्पीकरवर लेहरा लावून ऑनलाइन क्लासला बसणाऱ्यांनी पुढचं काही विचारू नये.

आणि शेवटी 'खाली', म्हणजे तालातली टाळी न वाजवता नुसत्या हाताने दाखवायची जागा. सोळा मात्रांच्या त्रितालात नवव्या मात्रेला हात हवेत जातो, आवाज नाही. मुलांना वाटतं, खाली म्हणजे फक्त बघायची गोष्ट. ठेका नीट ऐका: नववी मात्रा 'धा', डग्गा (जोडीतला घुमारेदार डावा) अजून घुमतोय, तो मिटतो दहाव्या मात्रेच्या 'तिं'वर. हात एक मात्रा आधी सांगतो. मध्यलयीत हे अंतर अर्ध्या सेकंदाचं, एवढ्या अंतरावर कान डोळ्याला ओढत नाही की डोळा कानाला. दोन्ही आपापल्या जागी राहतात. नव्या पोराचा हात दहावीला उठतो तेव्हा मी त्याला रागावत नाही. त्याने कानाचं ऐकलेलं असतं.